पाणी देणे

बाबा उद्यमनगरात तेवीस वर्षं
लोखंडाला पाणी देत होते.
भट्टीतून गिअर निघायचा पिकल्या जांभळासारखा, नाही,
जांभूळ नव्हे,
करवंद काळं व्हायच्या आधी असतं तसा लाल,
आणि चिमट्यातून थेट खाऱ्या पाण्यात.
मीठ कशाला, मी लहानपणी विचारलं होतं.
साध्या पाण्यात वाफ बिलगून बसते, म्हणाले,
लोखंडाला पाणी भेटूच देत नाही.
मीठ तिला हुसकावतं.

मग एक गिअर तडकला. मग अजून अकरा.
दोष पाण्याचा की भट्टीचा, कुणी बघितलं नाही.
हिंदुराव मिस्त्री घरी बसले,
आणि घरात प्यायला पाणी मागायचं तरी
आम्ही हळू आवाजात मागायचो.

आखाड संपायला दोन रविवार होते
तेव्हा त्यांनी ड्रम आणला, तेलाचा, रिकामा.
उभा चिरला, बिजागऱ्या स्वतः वेल्ड केल्या,
आत जाळी, वर धुराला दोन बोटांचं भोक.
कोंबड्या फिरोज मुल्लाणीकडच्या, अख्ख्या, कातडीसकट.
"कातडी कशाला, मामा?"
"ऱ्हाऊ दे. धूर तिच्यावरच बसणार."

पाणी त्यांनी वहीत मांडून केलं :
शेकडा दहा मीठ, कारखान्याचा हिशेब, रात्रभर.
रविवारी पहिला घास घेऊन आई नळाकडं धावली.
परत येऊन म्हणाली,
"अहो, कोंबडी हाय ही. गिअर न्हवं."
तेरा महिन्यांत पहिल्यांदा
बाबा हसले, खोकला येईपर्यंत.

पुढच्या शनिवारी वही माझ्याकडं.
पाच लिटरला पाव किलो मीठ, वर एक मूठ.
गूळ त्याच्या निम्मा, गुऱ्हाळातला, काळपट.
लसणाचा गड्डा सालीसकट चेचून,
संकेश्वरी मिरच्या सात,
धणे, मिरी, तमालपत्र, दगडफुलाची चिमूट,
आणि आईच्या आग्रहाचं आलं, "एवढं."
एवढं तिनं अंगठ्यावर दाखवलं.
मी वहीत अंगठा काढला.

उकळी आली तसं गल्लीतलं मांजर आलं.
मी कोंबडी उचलली. बाबांनी मनगट धरलं.
"थांब. तिथं तापलेलं गार पाण्यात घालायचं.
हितं पाणीच आधी गार होऊ दे, पार गार.
उलटं हाय सगळं. आधी पाणी, मग आग."
आणि जरा वेळानं, स्वतःशीच,
"तिथं पण कुणी थांबत न्हवतं."

लक्ष्मीपुरीतून बर्फ आणला.
दुधाच्या कॅनमध्ये कोंबड्या, वर ताटली, ताटलीवर वरवंटा.
रात्री दोनदा झाकण वाजलं.
कोपरापर्यंत बुडवून गारवा बघत होता
जुन्या भाजल्या डागांचा तो हात.

सकाळी धुतल्या, पुसल्या, टेबलफॅनसमोर ठेवल्या
कातडी कागदासारखी होईतो.
मग बाभळीचे निखारे, वर उसाचं ओलं चिपाड,
आणि धूर, गोडसर,
कांबळेकाकूंच्या वाळत्या चादरींत शिरणारा.
बाबा स्टुलावर बसून धुराचा रंग बघत होते.
"पांढरा नको. निळा पायजे."
निळा झाल्यावरच बिडी पेटवली.

तीन तासांनी तंगडी मोडली.
सांध्याशी रस आला, नितळ, ताटभर पसरला.
कातडीचा रंग तोच, करवंदाचा.
फिरोज बोटं चाटत गप्प.
बाबांनी हाडावर सुरीची मूठ वाजवली,
सवयीनं कान जवळ नेला,
म्हणाले, "पाणी बसलंय."

उरलेलं खारं पाणी मी
कढीपत्त्याच्या बुंध्याशी ओतायला निघाले.
"झाड मारतीस व्हय?" आई ओरडली.
बाबांनी कॅन घेतला, गटारात ओतला,
रिकाम्या बुडाकडं बघत उभे राहिले.
"फुडल्या रविवारी मीठ मूठभर कमी."
"फुडल्या रविवारी श्रावण लागतोय," आई म्हणाली.
"मग वही जपून ठेव," म्हणाले,
आणि तांब्याभर पाणी मागितलं.
मोठ्यानं.