आठवा नियम

दारूखान्यात, रविवारी, गॅसकटर बंद असतात तेव्हा
पागधरे बाई आम्हाला वाजवायला बोलवायच्या.
वाद्यं तिथलीच, किलोच्या भावाची:
कुठल्याशा ग्रीक जहाजाच्या पोर्टहोलचं झाकण,
नांगराच्या साखळीच्या दोन कड्या,
एका पंपाचा घसा,
आणि मुस्तकीमचा वजनकाटा,
ज्याच्यावर पाय ठेवला की तो खर्जात कण्हतो.

स्वरलिपी मी आणायचो.
मी गोदीत टॅली क्लार्क,
भरती-ओहोटीचं कोष्टक खिशातच.
चार मीटर सदतीस म्हणजे
चार ठोके, तीन श्वास गप्प, सात ठोके.
शून्य आलं की हात मांडीवर,
पुढची ओळ येईस्तोवर.

असे नियम सात. खडूने, दाराच्या पत्र्यावर.
सातवा जाचक:
आवडलं, तर आपली पाळी सोडायची.

बाई भायखळ्याला नववीला गणित शिकवायच्या.
म्हणायच्या, मन लावू नका, मोजा.
मन काय, लागतंच.

पहिले चार रविवार निव्वळ भंगार.
गोदामाचा कुत्रासुद्धा उठून गेला.
पाचव्याला अष्टमी होती, भांगाची भरती,
आकडे लहान,
आणि साखळीचा तिसरा ठोका
पंपाच्या उसाशात असा बसला,
जसा अंधारात पाय
बरोबर आपल्याच चपलेत जातो.
मला आवडलं.
म्हणजे मी गप्प बसायला हवं होतं.
हाणला.
एक. जास्तीचा.
झाकण इतका वेळ घुमत राहिलं
की मुस्तकीमचा काटा, रिकामा असून,
सव्वा किलो दाखवू लागला.

कुणी माझ्याकडे बघितलं नाही, सगळे मोजत होते.
बाई उठल्या. खडू घेतला.
वाटलं, माझं नाव खोडणार.
त्यांनी लिहिलं:
आठ. कुणीही एकाने, केव्हाही, न सांगता,
एक ठोका जास्त.

तेव्हापासून माझी चूक सगळ्यांची झाली.
आल्वितोचा धाकटा ती माझ्याहून सफाईने करतो,
अगदी वेळेवर.
मी आता आठही नियम पाळतो.
फक्त घरी, जेवण झाल्यावर,
पुढच्या वर्षीचं कोष्टक उघडून बसतो,
बोट ओळीवरून फिरवत,
एखादा आकडा शोधत
चुकीचा छापलेला.