एकतीस तारखेच्या आत

उद्यमबागेत, भरमू मुतगेकरच्या पॅटर्न शॉपच्या माळ्यावर
आम्ही दर शनिवारी ड्रॅगन मारतो.
अकरा वर्षं झाली.
फासे भरमूनंच काढलेले, सागवानी तुकड्यांतून.
वीस पैलूंचा जरा कललाय,
सतरा जास्त पडतो.
आम्हाला चालतं.

मंगळवारी कंपनीचं पत्र आलं.
प्रिय ग्राहक, डिजिटल पुस्तकांची विक्री थांबवत आहोत.
एकतीस तारखेच्या आत आपली पुस्तकं उतरवून घ्या,
नंतर कपाट उघडणार नाही.
आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहोत.

"प्रेम कुठलं? चार हजार सहाशे रुपये हैत ते,"
तौफिक म्हणाला, आणि बिलाच्या पाठीवर
त्या त्या दिवशीच्या डॉलरच्या दरासकट हिशोब मांडत बसला.
बसलिंगनं शिवी कन्नडात हासडली.
त्या मापाची मराठीत मिळत नाही म्हणे.
शैलजा वकील. तिनं अटी वाचल्या, चष्मा कपाळावर सारला:
"आपण पुस्तकं घेतलीच नव्हती.
वाचायची परवानगी घेतली होती.
कूळ होतो आपण."
"मग अकरा वर्षं कसलंय की आम्ही," भरमू म्हणाला,
"नाव लावा आमचं."

हाच भरमू. आजवर एक पुस्तक विकत घेतलं नाही,
माझ्या खांद्यावरून वाचायचा.
त्यानं तीस तारखेला रात्री समुद्री राक्षसांचं पुस्तक घेतलं,
ओटीपी तीनदा हुकला तरी.
आमचा राजा डोंगरातला,
त्याच्या राज्यात धड तळंसुद्धा नाही.
"समुद्राचं कशाला रे?"
"बंद होतंय म्हणून."
टॉकीज बंद झाली तेव्हाही शेवटच्या खेळाला
हा असाच एकटा जाऊन बसला होता.

मी खडे बाजारात छापायला दिलं.
झेरॉक्सवाला मान वर न करता, "एरडू कडे?"
मी म्हटलं, दोन्हीकडनं.
तीनशे बारा पानं, वर स्पायरलचे चाळीस.
एकशे अठराव्या पानावरचा ड्रॅगन
नुसता काळा डाग होऊन आला.
"शाई लई खातंय हे," तो म्हणाला,
आणि त्या एका पानाचे पैसे सोडले.

पुस्तकं उतरली. सगळी.
समासातलं मात्र काही उतरलं नाही.

समासात सुलक्षणा होती.
आमच्यातली सहावी, आता वेर्ण्याला, औषधांच्या कारखान्यात.
खेळवायची तीच. जाताना कपाटाचा पासवर्ड मला दिला,
जसं कोणी घरमालकाकडे किल्ली ठेवतं.
दोनशे चौदा टिपा.
*इथे भरमू खोटं बोलेल, बोलू द्यावं.*
*तौफिकचा जादूगार मेला तर आधी चहा, मग सांगावं.*
*या गावाला किणये म्हणावं, म्हणजे वाट सगळ्यांना ठाऊक असेल.*

मी सोसायटीच्या जुन्या खतावणीत उतरवायला बसलो,
जमेच्या बाजूला पान नंबर, नावेच्या बाजूला टीप.
साडेदहाला हेस्कॉमनं लाइट नेली.
मोबाइलवर वाचत, मेणबत्तीत लिहीत, चार वाजले.
सुलक्षणाला कळवलं. तिनं अंगठा पाठवला,
मग बऱ्याच वेळानं:
"हस्ताक्षर नीट काढ."

त्यांची मध्यरात्र आपल्या दुपारी साडेबाराला पडते.
एक तारखेला त्या वेळी मी काउंटरवर
एका बाईंच्या पासबुकात व्याज चढवत होतो.
त्या म्हणाल्या, एवढंच?
मी म्हटलं, एवढंच.

दोनशे बारा झाल्या होत्या.
राहिलेल्या दोनांतली एक कसली होती, आठवतच नाही.
दुसरी पान एक्याण्णववर, भुयाराच्या नकाशाशेजारी,
ती लिहायची गरज वाटली नव्हती:
*हे दार या शनिवारी उघडू नये. मी नाहीये.*

काल भरमूनं फासा टाकला. सतरा.
"उघडतो दार," म्हणाला.
सगळे माझ्याकडे बघायला लागले.
मी खतावणी चाळत राहिलो.