मान्यता वारसाहक्काने मिळत नाही

तपासणीला पोचलो तेव्हा उजाडायचं होतं.
व्हर्ना टुलोक बसखाली होती,
बाहेर नुसते दोन गमबूट,
एकाला पंक्चरचं ठिगळ.
"किटली लावा," आतून आवाज आला,
"हीटरची नळी आवळते अन् आलेच."

टास्मानियाच्या दक्षिणेला, सफरचंदांच्या बागा संपतात
आणि रस्ता खाडीच्या कडेने अंग चोरून जातो,
तिथे एक शेड, एक बस, तेवीस मुलं.
चालक म्हणून तिचं ओळखपत्र कधीचंच आहे:
डोळे तपासलेले, कान तपासलेले,
पोलिसांच्या दप्तरात नाव नाही.
पण बस चालवण्याच्या धंद्याची मान्यता रेक्सची,
आणि रेक्स मे महिन्यात गेला,
वायपरचं पातं बदलता बदलता.

बस तिला मिळाली. शेड मिळाली. कर्जसुद्धा मिळालं.
मान्यता तेवढी माणसाबरोबर जाते.
आमच्या नियमांत तसं स्वच्छ लिहिलंय,
मीच तिला फोनवर वाचून दाखवलं होतं.
ती म्हणाली, "बरं."
मग बराच वेळ काही नाही,
पलीकडे कुठेतरी फक्त एक कोंबडी.

अर्ज सोळा पानांचा.
'अर्जदार लायक आणि सचोटीची व्यक्ती आहे का?'
पुढे दोन चौकटी, हो आणि नाही.
तिने समासात लिहिलंय:
हे मला काय विचारता,
रस्त्यावरच्या कुठल्याही घरी विचारा.
मी ते खोडायला लावलं. 'हो'वर खूण करून घेतली.

मग नोंदवह्या.
एकोणतीस वर्षांच्या, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत.
रेक्सचं अक्षर किरटं, डावीकडे कललेलं:
मागचं डावं टायर बदललं.
अग्निशामक पाहिला, ठीक.
तिसऱ्या वळणावर टिलीचा दात पडला,
सीटखाली सापडला, परत दिला.
संकटकालीन दार कुरकुरतं, तेल घातलं.
यातलं सुरक्षिततेत काय काय धरायचं
ते आमच्या मार्गदर्शिकेत नाही.

मे महिन्याच्या पानावर अक्षर बदलतं.
सोमवार ते गुरुवार, चारही दिवस तेच:
बस चालवली. मान्यता नव्हती.
कारण: थंडी होती, मुलं थांब्यावर उभी होती.
खाली सही, वेळ, किलोमीटरचा आकडा.
ब्रेक ठीक. दिवे ठीक.
'चालकाची स्थिती' या रकान्यात
शाईचा नुसता एक ठिपका.

शुक्रवारपासून ती शेजारच्या गावच्या
ऑपरेटरच्या मान्यतेखाली चालवते, ते कागद चोख आहेत.
हे चार दिवस कोरे सोडले असते
तर कुणाच्या बापाला कळणार होतं?
मी जवळजवळ बोलूनच गेलो.
चहात बुडवलेलं बिस्किट तुटायच्या आत काढत
ती म्हणाली, "वहीच खोटी म्हटल्यावर
ब्रेकपुढच्या 'ठीक'वर कोण विश्वास ठेवील?"

अठरा वर्षं मी या नोकरीत आहे.
एकही रकाना रिकामा नसलेल्या बसगाड्या पाहिल्यात,
आणि त्यांच्या खाली वाकूनही पाहिलंय.
मी लिहिलं: नियमभंग, चार दिवस, स्वतः नोंदवलेला.
शिफारशीची जागा तशीच ठेवली,
ती ऑफिसात बसून, गरम हातांनी लिहायची असते.

सात वाजून वीस मिनिटांनी मी मागच्या सीटवर बसलो,
मांडीवर तपासणीचा तक्ता.
आरशात तिचे डोळे आले.
"पट्टा."
मी पट्टा लावला.

पहिला थांबा, लाल पत्रपेटी. कुणीच नव्हतं.
इंजिन चालू, दार उघडं, आत येणारी गार हवा.
वेळापत्रकात इथे अर्धं मिनिट आहे.
"ऑस्करला बुटाच्या नाड्या जमत नाहीत अजून,"
ती काचेकडे बघत म्हणाली,
आणि धुक्यातून एक मोठं दप्तर
पळत येताना दिसलं.