खिळेजुळाऱ्याची जबानी

साहेब, मला अर्थशास्त्र कळत नाही.
मी लिव्होर्नोत खिळे जुळवायचो, बंदरामागच्या गल्लीत.
कवी मेरिगोंचं पुस्तक मी उलटं वाचलंय,
आरशातून वाचावं तसं.

सुरुवातीला बँका होत्या.
पैशानं पैसा विणें पाप, असं काहीसं.
ओळी सुरेख, खोटं कशाला बोलू,
जुळवताना माझे ओठ हलायचे.
मग कुठल्याशा पानावर व्याजाला नाक फुटलं,
पुढे दाढी, आडनाव,
आणि तो एक शब्द इतक्यांदा आला
की त्याच्या अक्षरांचा खण संपला.
शेजारच्या छापखान्यातून उसने आणले.
बिनव्याजी.

आता ऐका. कवींच्या अंगावरचा कोट
एलिओ अत्तियासच्या दुकानातला. तीन हिवाळे उधार.
त्यानं वहीत मांडला, वर दमडी लावली नाही.
घर गिळलं ते काउंट बार्सोत्तींच्या पेढीनं,
शेकडा नऊ.
काउंट दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर.
त्यांचं नाव जुळवल्याचं मला आठवत नाही.

प्राध्यापक म्हणतात, तो सिद्धांत होता,
माणसांशी वैर नव्हतं.
असेल.
मला वाटतं मुद्दल आधीपासूनच घरात होतं,
व्याज नुसतं निमित्त.

अत्तियासला चव्वेचाळीसच्या जानेवारीत नेलं.
वही गल्ल्याखाली सापडली,
कोटाची बाकी तशीच.

माझी मजुरी?
मिळाली ना.
रोख.