वाऱ्याची पिशवी

सोहारला, बर्फाच्या कारखान्यात
परकारचाचांनी पहिल्या दिवशी मला
कॉम्प्रेसर दाखवलाच नाही.
छपरावरची नारिंगी पिशवी दाखवली.
"आत शिरताना हिच्याकडे बघ.
बाहेर पळताना तर बघच."

अमोनिया तसा प्रामाणिक, म्हणाले.
येण्याआधी नाकात वर्दी देतो.
पण नाक निलाजरं, सरावतं.
वास मेला म्हणजे गॅस गेला, असं नाही.

ऑगस्टची रात्र. हवा ओल्या गोधडीसारखी.
व्हॉल्व्हच्या गळ्यातून काहीतरी पांढरं
सरपटत आलं, घोट्याएवढं,
मांजराच्या पावलांनी.
माझा हात पाण्याच्या पाइपकडे गेला.
"थारोळ्यावर पाणी नको! उसळेल ते!"
मुखवट्याआडून चाचा,
आवाज पत्र्याच्या डब्यातला.

पिशवी समुद्राकडे फुगलेली.
आम्ही वाऱ्याला आडवे धावलो.

मग नळाखाली पंधरा मिनिटं
डोळे बोटांनी फाकवून धरायचे.
चाचा मोजत होते,
मिनिटं नव्हे, माणसं.
सहा. सात. शफीउल कुठाय?
शफीउल!
…आठ.

पहाटे ओमानी कोळी आले, बर्फाला घासाघीस करत.
दुपारी आईचा फोन.
"आवाज का रे बसलाय?"
म्हटलं, इथं एसी फार.