विलंबाचं कारण

सोहारच्या बंदरामागे,
जिथे समुद्र जवळ आहे हे फक्त गंजावरून कळतं,
तिथे मी सहा वर्षं तक्ते आखतोय.
शटडाउन एकवीस दिवसांचा, ओळी चार हजार एकशे बारा.
प्रत्येक ओळीला सुरुवात, शेवट, माणसं किती.
माणसांना तिथे नावं नसतात.
फिटर चार. हेल्पर दोन.

नवव्या दिवशी पहाटे सहाला
टाकी क्रमांक तीनमध्ये सहा जणांनी शिरायचं होतं.
सहा वाजून गेले.
मॅनहोलच्या तोंडाशी सगळे उभे,
हातमोजे घालत, काढत, पुन्हा घालत.
मागच्या वर्षी शेजारच्या टाकीतून
पोचय्याला दोरीने ओढून काढलं होतं.
तो जगला. गावी शेळ्या राखतो.
पण तो जरा खोकला तरी म्हणे घरचे उठून बसतात.

शिवदासन साहेब आले, गाडीतून उतरले,
परवाना दाखवला, वायूचं माप दाखवलं,
एका तासाला कंपनीचे किती रियाल जातात ते सांगितलं,
मग पगाराचंही सांगितलं.
त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.
आणि एकाही वाक्याने कोणाचं पाऊल उचललं नाही.

अब्दुलगनी मुकादम हर्णैचे.
मुकादम हे आडनावच, हुद्दा रिगर,
पगारपत्रकात खालून तिसरे.
माझ्या त्या ओळीत ते नव्हतेच,
त्यांचं काम आठला, क्रेनपाशी.
आले, कागद मागितला,
तांब्याच्या तारेने बांधलेला चष्मा लावला,
बोट ठेवून वाचलं.
"हे माप चारचं हाय. आता किती वाजले? परत लावा."

परत लावलं. वीस मिनिटं.
साहेब घड्याळाकडे बघत होते, मी साहेबांकडे.

मग यादीत त्यांनी
सातवं नाव स्वतःच्या हाताने लिहिलं, वळणदार,
चष्मा माझ्याकडे दिला,
आणि आधी पाय, मग कंबर, मग खांदे तिरके करून
आत गेले.

बाहेर कोणी काही बोललं नाही.
मी उगाच चष्म्याची काच पुसत राहिलो.

मग आतून,
रिकाम्या हंड्यातून यावा तसा आवाज:
"हर्णैच्या बंदरापेक्षा वास बरा हाय रे हितं!"

कोणीतरी हसलं.
पोचय्याचा चुलतभाऊ राजलिंगू पहिला वाकला.

दुपारी मी नोंद करायला बसलो.
विलंब: एक तास दहा मिनिटं. कारण निवडा:
साहित्य, यंत्र, हवामान, परवाना, इतर.
इतर निवडलं. पुढे चाळीस अक्षरांची जागा.
'मुकादम आत गेले' लिहिलं आणि खोडलं.
हे उशिराचं कारण नव्हतं,
उशीर संपल्याचं होतं.
त्याला रकाना नाही.

रात्री कॅम्पात चष्मा परत द्यायला गेलो.
काहीतरी मोठं बोलायचं ठरवून गेलो होतो.
ते बांगड्यावर लिंबू पिळत होते.
"तुझा तक्ता नसता तर
कुठल्या टाकीत शिरायचं ते तरी कोणाला कळलं असतं?
बस. काटे जपून खा."

पुढे मला बढती मिळाली.
मस्कतच्या हॉटेलात दोन दिवसांचं प्रशिक्षण,
पडद्यावर आकाशात उडणारे पक्षी,
पुढे कोण, मागे कोण, बाण काढून दाखवलेलं.
मी टिपणं घेतली. कॉफी चांगली होती.

मुकादम गेल्या रमजानआधी कायमचे घरी गेले.

यंदा टाकी तीनच्या ओळीवर मी एक ओळ वाढवली आहे.
पाच वीस ते सहा. माणसं: एक. काम: कोरं.
साहेबांनी विचारलं, हे काय?
म्हटलं, बफर.

मॅनहोलचा व्यास अठरा इंच.
काल रात्री कॅम्पातल्या शिंप्याकडून टेप आणून
माझे खांदे मोजले.
तिरकं व्हावं लागेल.