नोवु इल्ला

जांबोटीच्या रानातून कडूकवठाची फळं यायची,
वैशाखात, गाडीभर.
बिया फोडायच्या, कुटायच्या, तेल गाळायचं,
आणि दर मंगळवारी तेच तेल
मडम सुईनं माणसांत भरायची.
खानापूरच्या अलीकडे, मलप्रभेच्या वळणावर
महारोग्यांचं ते घर. दोन चाळी, एक विहीर,
तडा गेलेल्या घंटेचं कौलारू देऊळ.
साल सत्तावीस.

मी पट्ट्या धुणारी. तिर्झा.
त्याआधीचं नाव कुणी विचारलं
तर सांगायची, विसरले.
नवव्या वर्षी कपाळ पांढरं,
सोळाव्या वर्षी दिराच्या दारातून बाहेर,
रात्रीची, पौषातली, नेसत्या लुगड्यानिशी.
दुखतं का गं कुठं, मडमनं विचारलं होतं पहिल्या दिवशी.
नाही म्हटलं.
खरंच नव्हतं दुखत.

तो संपगावाकडचा, घोंगड्या विणणारा निंगाप्पा.
बाप्तिस्म्याला पाद्रीसाहेब लाजर नाव देत होते,
तर म्हणाला, चाळीत तीन लाजर हायेत आधीच,
वरनं हाक आली तर कुणी उठायचं?
निंगाप्पाच राहिला.

त्याचं मराठी बाजारापुरतं,
माझं कानडी विहिरीपुरतं.
पट्टी सोडताना मी विचारायची, दुखतंय?
तो म्हणायचा, नोवु इल्ला.
दुखत नाही.
त्या घरात याहून वाईट उत्तर नव्हतं.
चुलीतलं लाकूड हातानंच सारायचा,
करपल्याचा वास आला की कळायचं.
एकदा उंदरानं रात्रभर टाच कुरतडली,
सकाळी रक्त बघून म्हणाला,
बिचाऱ्याचं पोट तरी भरलं.

म्हणून त्याचा चहा मी आधी ओठाला लावायची,
पेल्याची कड बोटांनी चाचपून
मग त्याच्या हातात.
एवढंच. दुसरं काही नाही.
मडमनं बघितलं एका सकाळी, बोलली नाही.
दुपारी जुन्या चादरी फाडून बसली
आणि सव्वीस पेल्यांना सव्वीस फडकी शिवली.
आता कुणाचाच हात भाजणार नव्हता.
मी तरी चाखतच राहिले.

ईस्टरनंतरच्या रविवारी थोमाची गोष्ट.
तुझा हात माझ्या कुशीत घाल, पाद्रीसाहेब वाचत होते,
तर मागच्या ओळीतून हा उभा,
दोन्ही भाषा एकात कालवून :
हात घातला तवा स्वामीला नोवु झाला काय?
पाद्रीसाहेब चष्मा पुसत राहिले.
पुसून झाल्यावर पुन्हा पुसला.

तिसऱ्या वर्षी, ज्वारी हुरड्याला आलेली,
कुंपण बांधून आला तो.
करंगळीत बाभळीचा काटा,
मी चिमट्यानं धरला, ओढला,
आणि ओरडला निंगाप्पा.
चाळीतले सगळे धावले, मडम हातातली सुई घेऊन तशीच.
नोवु, तो म्हणत होता, नोवु ऐती!
डोळ्यांतून पाणी, तोंडभर हसू,
करंगळी सगळ्यांपुढं नाचवत,
जणू बोटाला लेकरू झालंय.
टोच अजून, म्हणाला. अजून एकदा टोच.

मी टोचलं नाही.
उभ्या उभ्या मला
पौषातल्या त्या रात्रीची थंडी वाजली,
तळपायापासून, पहिल्यांदाच.
यमुना, म्हटलं मी. माझं नाव यमुना.
कुणी विचारलं नव्हतं.
तो हसायचा थांबला.
यमुना, म्हणाला, हळू,
गरम पेला धरावा तसं दोन्ही तळव्यांत धरून.

लग्न त्यानंतर चार वर्षांनी,
तीनही तपासण्या निर्मळ आल्यावर.
वहीत मडमनं माझी दोन्ही नावं लिहिली.
अंगावर त्यानंच विणलेली घोंगडी,
एका काठाला सैल, वाकड्या बोटांची.

आता चहा गरम की गार, त्याला कळतं,
निदान डाव्या हाताला.
ईस्टरनंतरचा रविवार आला की घरी येऊन म्हणतो,
स्वामीला दुखलंच असणार,
नाहीतर बोलावलंच नसतं त्यानं.
आणि पेला माझ्याकडे सरकवतो.
आधी तू.